दहा नळ्या आणि एक बंद खाण: मंगळावरच्या नमुन्यांच्या नियोजनाचा सोलापुरातला सराव

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यंत्र, 18 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला तेव्हा त्याच्याकडे 43 नळ्या होत्या. 38 नमुन्यांसाठी आणि 5 साक्षी नळ्या, म्हणजे खडक न भरता भेसळ ओळखण्यासाठी ठेवलेल्या. नमुन्याचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेला दांडा, साधारण 13 मि.मी. जाड, 60 मि.मी. लांब, वजन 10 ते 15 ग्रॅम. सगळ्या नळ्या भरल्या तरी जेमतेम अर्धा किलो माल होतो. विवर मात्र 45 किलोमीटर रुंद. एवढ्या जागेतून अर्धा किलो उचलायचा आणि त्यावरून ग्रहाचं वय, पाणी, चुंबकीय क्षेत्र आणि कदाचित जीवसृष्टी याबद्दल बोलायचं, म्हणजे कोणता दगड घ्यायचा यापेक्षा कोणता सोडायचा हा प्रश्न जास्त अवघड.

खाली दिलेलं प्रकरण त्याच प्रश्नाच्या सरावाचं आहे. भूशास्त्राच्या पदवी वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सोलापूर शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत दहा नळ्यांचा संच भरायचा होता. दहाचा आकडा मंगळावरून घेतला. डिसेंबर 2022 ते जानेवारी 2023 या काळात पर्सिव्हरन्सने थ्री फोर्क्स या सपाट जागी बरोबर दहा नळ्या जमिनीवर ठेवल्या. रोव्हर बंद पडलाच, तर निदान तेवढ्या उचलता याव्यात म्हणून. त्यामुळे त्या दहांत खडक, माती, हवा आणि साक्षी नळी असं सगळं असणं भाग होतं.

नियम असे ठरले. खाणीवरच्या गटाने रोव्हरसारखं वागायचं: सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. निर्णय शहरातल्या वर्गात बसलेल्या गटाने घ्यायचे, तेही खाणीवरून आलेल्या फोटोंवरून आणि मोजमापांवरून. सूचना दिवसातून एकदाच. भूशास्त्रज्ञाचा हातोडा वापरायला बंदी, कारण रोव्हरकडे तो नाही. आणि ड्रिलिंगला पाणी वापरायचं नाही.

खाणीची भिंत

सोलापूरचा खडक म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. निवडलेल्या भिंतीत वरून खाली काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, त्याखाली हातभर जाडीचा तांबडा मातकट थर आणि तळाला घट्ट काळा पाषाण दिसत होता. विहीर खोदणाऱ्या कुणालाही हा क्रम तोंडपाठ असतो.

मंगळाशी याचं नातं आहे, पण ते कुठवर आहे हे आधी स्पष्ट करायला हवं. जेझेरोच्या तळाशी माझ नावाचा जो थर आहे तो बेसॉल्टच्या जातीचा, पायरॉक्सिन आणि प्लेजिओक्लेज ही खनिजं असलेला. तिथवर तुलना चालते. शेजारचा सेइताह हा थर ऑलिव्हिन या खनिजाने भरलेला आहे; तसा खडक या खाणीत नाही. नदीने आणून टाकलेला त्रिभुज प्रदेशाचा गाळ, जो जेझेरोचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, तोही नाही. म्हणून या सरावातून जीवसृष्टीच्या खुणा शोधण्याबद्दल काही शिकता येईल असं समजायचं कारण नाही. शिकता येते ती संच निवडण्याची, कोअर काढण्याची, दिशा नोंदवण्याची आणि भेसळ ओळखण्याची पद्धत.

खाणीबद्दल आणखी एक सावधगिरी. सुरुंगाने हललेले मोठे ठोकळे भिंतीला टेकून उभे असतात आणि फोटोत ते जागचेच वाटतात. खडकातल्या भेगा शेजारच्या भेगांशी रेषेत जुळतात का, हे पाहिल्याशिवाय कुठलाही ठोकळा जागचा मानायचा नाही. भिंतीखाली उभं राहून ड्रिल करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पहिली यादी का फसली

वर्गातल्या गटाने फोटोंवरून अठरा जागा काढल्या आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण दिले. सगळ्यात जास्त गुणांच्या दहा जागा घेतल्या तर त्यातल्या सहा मांजऱ्या खडकातल्या निघाल्या. साहजिक होतं. मांजऱ्यात लाव्हातल्या वायूंची भोकं असतात, त्यात नंतर पाण्याने जिओलाइट आणि गारगोटीचे स्फटिक भरलेले असतात, फोटोत ते चमकतात. प्रत्येक जागा सुटी पाहिली तर पाच गुणांचीच.

पण सहा नळ्यांत एकाच प्रश्नाचं उत्तर सहा वेळा मिळतं. घट्ट पाषाणाला एकच नळी आली होती, आणि वय काढायचं तर ताजं प्लेजिओक्लेज असलेला तोच दगड लागतो. मंगळावर हा मुद्दा फार वजनाचा आहे. तिथल्या पृष्ठभागांची वयं आज विवरं मोजून ठरवतात आणि ते मोजमाप चंद्राच्या खडकांवरून बेतलेलं आहे. जेझेरोच्या तळाच्या आग्नेय, म्हणजे वितळलेला रस थिजून बनलेल्या, खडकाचं वय प्रयोगशाळेत निघालं तर साऱ्या मंगळाचं कालमापन ताडून पाहता येईल. असा दगड दिसायला अगदी सामान्य असतो. गुणांच्या यादीत तो नेहमी मागे पडणार.

म्हणून यादी रद्द करून आधी प्रश्न लिहिले. लाव्हाच्या प्रवाहाचं वय काय? थंड होताना चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला होतं? नंतर पाणी किती आणि कसं फिरलं? दोन प्रवाहांमध्ये किती खंड पडला? सुट्या मातीत लांबून आलेलं काय आहे? आणि आपण स्वतः काय मिसळलं? या प्रश्नांवर नळ्या वाटल्या. खालच्या प्रवाहाच्या घट्ट गाभ्यातून जोडीने दोन, वरच्या प्रवाहाच्या कमीत कमी भोकं असलेल्या भागातून एक, जिओलाइट भरलेल्या मांजऱ्यातून एक, मांजऱ्याचा मुरूम होतो त्या सीमेवरून एक, तांबड्या थराची एक, काळ्या मातीची एक, हवेची एक, आणि दोन साक्षी. जोडीने नमुने घेण्याची रीत पर्सिव्हरन्सनेही सुरुवातीला पाळली: एक नळी जमिनीवर ठेवायला, दुसरी रोव्हरमध्ये.

वर्गातून या वाटपाला विरोध झाला. “सर, एवढी मोठी गारगोटी समोर आहे आणि ती सोडायची?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी पुन्हा द्यावं लागतं. नियोजनाच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ याच वादात जातो आणि तो जायलाच हवा.

कोअर

मंगळावरची नळी ड्रिलच्या बिटातच, म्हणजे कापणाऱ्या पोकळ टोकातच, बसते. खडक फिरवून आणि ठोकून कापला जातो, मग नळी किंचित एका बाजूला सरकते आणि कोअर बुडाशी मोडतो. इथे 25 मि.मी.चा डायमंड कोअर बिट वापरला, ज्यातून साधारण 20 मि.मी. जाडीचा कोअर निघतो. तो 25 बाय 150 मि.मी.च्या बोरोसिलिकेट स्क्रू-कॅप नळीत सहज जातो. 60 मि.मी. लांबीचा घट्ट बेसॉल्टचा असा कोअर 50 ते 55 ग्रॅम भरतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पूर्ण लांबीचा कोअर याहून बराच हलका निघाला, तर डोळ्यांना न दिसणारी भोकं किंवा मऊ पडलेला भाग आत आहे.

पाण्याशिवाय डायमंड बिट बेसॉल्टवर लवकर तापतो. सलग दाब दिला की हिऱ्यांची धार झिजून तोंड गुळगुळीत होतं आणि मग बिट कापत नाही, नुसता घासतो. वीसेक सेकंद चालवायचा, बाहेर काढायचा, भुकटी झटकायची, गार होऊ द्यायचा, पुन्हा घालायचा. घाई केली की कोअरची बाहेरची कड भाजते आणि चुंबकीय मोजमापाला ती निकामी होते.

घट्ट पाषाणाच्या नळ्या नीट भरल्या. मांजऱ्यात मात्र अडलं. खाणीवरून निरोप आला, “मॅडम, बिट सरसर आत जातोय, पण कोअर येईना. नुसतं पीठ.” नळीत काही नव्हतं. भोकाभोवती हिरवट-पांढऱ्या भुकटीचा ढीग होता.

नेमकं असंच मंगळावर घडलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये रुबियों नावाच्या खडकावरचा पर्सिव्हरन्सचा पहिला प्रयत्न रिकामा गेला. यंत्राने सगळ्या पायऱ्या बिनचूक केल्या होत्या. खडकच इतका भुसभुशीत झालेला होता की कोअर टिकला नाही. ती नळी वाया गेली नाही, मंगळाच्या हवेचा नमुना म्हणून ती मोजली गेली. पुढच्या रोशेत खडकावर पद्धत बदलली: नळी बंद करण्याआधी कॅमेऱ्याने आत पाहायचं. तिथेही नळी हलवून कोअर आत सरकवल्यावर कमी उजेडातल्या फोटोत तो दिसेना, म्हणून चांगल्या उजेडात पुन्हा फोटो काढून खात्री केली आणि मगच 6 सप्टेंबरला नळी बंद केली. तो मोंतदेनिए हा पहिला खडकाचा नमुना.

खाणीत कारण शोधायला पृष्ठभाग घासून पाहिला. पर्सिव्हरन्सही कोअरआधी सुमारे पाच सें.मी.चा गोल तुकडा घासतो, तो यासाठीच. घासल्यावर दिसलं की भोकांमधल्या स्फटिकांभोवती हिरवट चिकणमातीचं अस्तर आहे. हे अस्तर मऊ, स्फटिक कडक, आणि मधला बेसॉल्ट कुजलेला. बिट फिरला की स्फटिक सुटतात, तेच आत रगडले जातात आणि कोअर दळला जातो. उपाय दोन केले. ठोका बंद करून फक्त फिरवायचं, वेग निम्म्यावर आणायचा; आणि वाऱ्या-पावसाने कमी खाल्लेली, त्याच थरातली आतली जागा निवडायची. कोअर आला, पण चार तुकड्यांत. तो तसाच घेतला. तुकड्यांचा क्रम बिघडू नये म्हणून नळी उभी धरूनच झाकण लावायचं आणि शेवटपर्यंत आडवी करायची नाही, असा नियम त्या नळीपुरता झाला.

यातून एक पायरी कायमची वाढली: झाकणाआधी आत स्वच्छ काचेची कांडी घालून खोली मोजायची. मोजमाप वर्गात पोचल्याशिवाय नळी बंद होणार नाही.

तांबड्या थराला बिट लावण्यात अर्थ नव्हता, नळीच दाबून भरली. काळ्या मातीबद्दल एक गोष्ट नियोजनातच धरायला हवी होती. उन्हाळ्यात ही माती हातभर खोल फाटते, वरची माती भेगांतून खाली पडते, पावसाळ्यात फुगून सगळं पुन्हा मिटतं. ती स्वतःलाच दरवर्षी कालवत असते. त्यामुळे “40 सें.मी. खोलीवरची माती” या नोंदीला फारसा अर्थ राहत नाही. लेबलावर खोलीच्या जागी “मिश्र” लिहिलं.

दिशा

चुंबकीय प्रश्नाचं उत्तर हवं तर कोअर खडकात कोणत्या दिशेला होता हे माहीत हवं. नळीत गेल्यावर तो गोल फिरतो आणि माहिती संपते. मंगळावर रोव्हरच्या हाताची स्थिती आणि जवळून घेतलेले फोटो यांवरून ही दिशा काढतात. खडक अगदी गुळगुळीत, खूण पटवायला काहीच नसलेला असेल तर लेझरने इंग्रजी एल अक्षरासारख्या बारीक खुणा करून मग कोअर काढण्याची तोडही निघाली आहे.

खाणीत कंपासने काम भागेल असं वाटत होतं. पण बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असतो. भिंतीला चिकटवलेला कंपास आणि दोन पावलं मागे धरलेला कंपास वेगळी दिशा दाखवतात. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढली: समपातळीत ठेवलेली पाटी, मधोमध उभा खिळा, सावलीची रेघ आणि मिनिटापर्यंत अचूक वेळ.

वेळेतच गोम आहे. घड्याळ 82.5 अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ दाखवतं, सोलापूर जवळपास 75.9 अंशांवर आहे. फरक 6.6 अंश, म्हणजे सुमारे 26 मिनिटं. शिवाय जानेवारीच्या मध्याला सूर्य आणखी नऊ मिनिटं मागे असतो, त्यामुळे इथे मध्यान्ह 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास येते. नुसती 26 मिनिटांची दुरुस्ती विसरली, तरी जानेवारीत दुपारच्या वेळी दिशेत जवळजवळ 10 अंशांची चूक होते. हिशेबाच्या कागदावर ही दुरुस्ती छापूनच ठेवावी, डोक्यात ठेवू नये.

साक्षी नळीतला निळा धागा

या सरावात सगळ्यात जास्त शिकवलं ते साक्षी नळ्यांनी. या नळ्यांत खडक भरायचा नसतो. त्या त्याच जागी उघडायच्या, तशाच हाताळायच्या आणि बंद करायच्या. पुढे नमुन्यात काही सापडलं तर ते मंगळाचं की आपलं, याचा निवाडा त्यांच्यावरून होतो. मंगळावरच्या नळ्यांना मर्यादा फार कडक आहे: 15 ग्रॅम नमुन्यात 10 पीपीबीपेक्षा (अब्जात दहा भागांपेक्षा) कमी सेंद्रिय कार्बन, म्हणजे एका नळीत 150 नॅनोग्रॅम.

इथल्या काचेच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमची फॉइल मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या भट्टीत) 450 अंशांवर चार तास तापवली होती. फॉइल तापवणं गरजेचं, कारण कारखान्यात लाटताना वापरलेलं तेल तिच्यावर राहिलेलं असतं. झाकणांतलं टेफ्लॉनचं अस्तर ती उष्णता सोसत नाही, म्हणून झाकणं सॉल्व्हंटने धुऊन तोंडावर तापवलेली फॉइल मध्ये घातली.

पहिली साक्षी नळी कामाच्या सुरुवातीला उघडली आणि घट्ट पाषाणाच्या दोन कोअरनंतर बंद केली. दुसरी अगदी शेवटी. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलीत थोडी धूळ होती. दुसरीत दोन निळे सुती तंतू. शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही: मांजऱ्याचं पीठ बिटात अडकल्यावर तो पुसायला गाडीतला टॉवेल वापरला गेला होता. सोलापुरात टॉवेल सापडणार नाही अशी गाडी मिळणं कठीण, आणि नव्या टेरी टॉवेलचा तंतू सुटतोच. सुती तंतूचं वजन सेंटिमीटरला सुमारे दीड-दोन मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा एक तंतू मंगळाच्या नळीची मर्यादा ओलांडायला पुरेसा आहे.

धागा सापडला हे चांगलंच झालं, पण दोष वेगळ्या ठिकाणी होता. टॉवेल मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर आला आणि दुसरी साक्षी नळी शेवटी उघडली. त्यामुळे मधल्या सहा नळ्यांपैकी कोणत्या खराब झाल्या हे सांगताच येत नव्हतं. हवेच्या नळीपासून काळ्या मातीपर्यंत सगळ्यांवर एकच शंका. दोन साक्षी नळ्या दोन टोकांना ठेवणं ही चुकीची आखणी. मंगळावर पाच आहेत, आणि त्या मोहिमेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उघडायच्या म्हणूनच. सुधारलेल्या आराखड्यात साक्षी नळी दिवसाप्रमाणे नाही, तर बदलाप्रमाणे उघडायची ठरली: बिट बदलला, साफसफाईची पद्धत बदलली, अडकलेलं काही काढलं की लगेच. त्यासाठी दोनच्या तीन साक्षी नळ्या केल्या आणि जोडीतला दुसरा घट्ट कोअर सोडला. जोडी मोडणं सोपं नव्हतं, पण ज्याच्या स्वच्छतेची हमी नाही अशा नमुन्यांची संख्या वाढवून काही साधत नाही.

उष्णता

मंगळाच्या नमुन्यांसाठी घातलेली एक अट म्हणजे 60 अंशांच्या वर तापू न देणं. नळ्यांना बाहेरून पांढरा लेप आहे तो उन्हात कमी तापाव्यात म्हणून. ही अट कशासाठी, हे सोलापूरचा मे महिना फुकटात दाखवतो. साक्षीसारख्याच एका जादा नळीत एप्सम सॉल्ट, म्हणजे सात रेणू पाणी धरलेलं मॅग्नेशियम सल्फेट, घट्ट बंद करून भर दुपारी उभ्या गाडीत ठेवलं. मंगळावरही सल्फेटं आहेत, आणि पाण्याचा इतिहास त्यांच्यात साठलेला असतो.

संध्याकाळी वजनात काहीही फरक नव्हता. झाकण चोख होतं. आत मात्र मीठ ओलं होऊन गोळा झालं होतं. साधारण 48 अंशांच्या वर हे मीठ पाण्याचा एक रेणू सोडतं. बंद नळीत ते पाणी जाणार कुठे, मिठालाच भिजवतं. 10 ग्रॅममध्ये असं 0.7 ग्रॅम पाणी सुटू शकतं. झाकण पक्कं असलं की नमुना जसाच्या तसा राहतो हा समज इथे मोडला. नोंदपुस्तकात प्रत्येक नळीसमोर कमाल तापमानाचा रकाना आला, आणि वाहतूक थर्मोकोलच्या पेटीतून, सकाळी दहाच्या आत.

याच कारणाने मंगळाचे नमुने पृथ्वीवर आले तर नळ्या उघडण्यापूर्वीच आतली हवा वेगळी काढून घेण्याचं आणि बंद नळीतूनच क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्र घेण्याचं नियोजन शास्त्रज्ञांनी करून ठेवलं आहे.

नोंद

पर्सिव्हरन्सच्या प्रत्येक नमुन्यासोबत ठरावीक निरीक्षणांची यादी पूर्ण करून प्राथमिक अहवाल लिहिला जातो. त्याची गरज आज आणखी वाढली आहे. नासाने एप्रिल 2024 मध्ये सांगितलं की आधीच्या आराखड्याने खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने 2040 च्या आधी येणार नाहीत. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात हा आराखडा रद्द करण्याचंच सुचवलं गेलं. जुलै 2024 मध्ये घेतलेला सॅफायर कॅन्यन हा कोअर, ज्याच्या खडकावरचे ठिपके जुन्या सूक्ष्मजीवांची शक्यता सुचवतात, अजून रोव्हरमध्येच आहे. दरम्यान चीनची थ्येनवेन-3 मोहीम 2028 च्या सुमारास निघून दोन मीटर खोलवरचा आणि किमान 500 ग्रॅम माल आणायचं ठरवते आहे. नळ्या कधी उघडतील आणि कोण उघडेल, हे आजच्या नोंद करणाऱ्याला माहीत नाही. पंधरा-वीस वर्षांनी ती नोंद वाचणारा माणूस खाणीत किंवा विवरात आलेला नसेल.

त्यामुळे सरावाची शेवटची चाचणी अशी ठेवली: वर्गात किंवा खाणीत नसलेल्या एका विद्यार्थिनीला पहिल्या संचाच्या दहा नोंदी दिल्या, नळ्यांची लेबलं झाकली आणि भिंतीच्या फोटोवर प्रत्येक नळीची जागा दाखवायला सांगितली. खडकाचे पाचही कोअर आणि तांबडा थर तिने बरोबर दाखवला. काळ्या मातीची जागा तिने हात दीड हात वर दाखवली. नोंदीत फोटोची मोजपट्टी मातीच्या कडेला होती, भोकाशी नव्हती. हवेच्या नळीपुढे वेळ होती, वाऱ्याची दिशा नव्हती, आणि क्रशरच्या रस्त्यावरून धूळ कुठल्या बाजूने येत होती ते त्यामुळे कळायला मार्ग उरला नाही. हे दोन्ही रकाने नव्या नोंदपत्रकात घातले आहेत.